साडेनऊ सर आणि आमचं तळं

साडेनऊ वाजले की आमचे सर बोलता बोलता थांबत आणि वर बघत. वर्गात असले तर छताकडे, रस्त्यात असले तर आभाळाकडे. वडगावात एका विद्यार्थ्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या फटीतून आभाळ शोधत होते. शेजारच्या माणसाला वाटलं पाऊस येतोय, म्हणून त्यानं मुलीच्या बापाला सावध केलं आणि चार माणसं ताडपत्री शोधायला धावली. अक्षता पडल्या तरी सरांचे तांदूळ मुठीतच राहिले होते. बेळगावच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना साडेनऊ सर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं.

त्याचं कारण असं. अमेरिकेचा एक उपग्रह सकाळी त्या सुमाराला आमच्या मुलखावरून जायचा. रोज नाही, अडीच आठवड्यांनी एकदा. त्यानं टिपलेली चित्रं हैदराबादहून मागवता यायची. ती चित्रं बघून तळ्याचं, धरणाचं पाणी स्वच्छ आहे की बिघडलंय हे बसल्या जागी सांगता येईल का, असा सरांचा प्रकल्प होता. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. भूगोलाच्या विभागात एक सर, एक पंखा आणि प्रकल्पाची एकुलती एक सहायक म्हणून मी, एवढाच पसारा. दिवसाढवळ्या उपग्रह डोळ्यांना दिसत नाही हे सरच आम्हाला शिकवत आणि तरी रोज वर बघत. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "सवय मोडाय नगो गं. त्यो यायचा त्या दिवशी इसरलो म्हंजे?"

उपग्रह वर असेल त्या घटकेला आपण खाली पाण्यात असलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चित्रात पाणी कसं दिसतं ते नंतर कळेलच, पण त्याच वेळी ते प्रत्यक्षात कसं होतं हे कुणीतरी हात घालून बघितलेलं असावं. विभागात कुणी नवं चित्र टेबलावर पसरलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वरनं दिसलं ते दिसलं. खाली कोन हुतं?" खाली कुणी नव्हतं असं उत्तर आलं की ते चित्राची गुंडाळी करून ठेवून देत. हैदराबादहून महिनोन्‌महिने वाट बघून आलेलं चित्र हा माणूस बघायलाही तयार नसे. मला तेव्हा त्यांच्या हातातून ती गुंडाळी हिसकावून घ्यावीशी वाटायची.

पाण्याचा नितळपणा मोजायची सरांची तऱ्हा साधी होती. पांढरं रंगवलेलं ताट दोरीला बांधून पाण्यात सोडायचं आणि कुठल्या खोलीवर ते दिसेनासं होतं ते बघायचं. ताट अर्थातच घरातलं. कंग्राळीच्या शेतकरी घरातला हा माणूस काटकसरीत वाढलेला, विकत आणणं त्यांना सुचायचंच नाही. काकू, म्हणजे सरांच्या बायको, मी दिसले की तक्रार करत. "ह्येंच्या लग्नात माझ्या बापानं इतकी ताटं दिली, ती काय तळ्यात बुडवाय दिली व्हय?" एकदा पाहुणे जेवायला बसले आणि एका पानाला ताटच कमी पडलं. काकूंनी आत येऊन सरांकडं नुसतं बघितलं. सर उठले, पिशवीतलं ताट काढलं आणि घासायला बसले.

राकसकोपचं पाणी, हिडकलचं धरण, सगळीकडे मी त्यांच्याबरोबर ते ताट बुडवत हिंडले. होडी मिळाली तर होडीतून, नाही तर काहिलीतून. गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी काहील आमच्या भागात पुराच्या वेळी लोक पाण्यात घालतात आणि तिच्यात बसून पैलतीराला जातात. पण सराईत माणूस नसेल तर ती नुसती गोल गोल फिरते. सर एका हातानं दोरी धरत, दुसऱ्या हातानं घड्याळ डोळ्यांपुढं धरत आणि मी वल्हवत वल्हवत रडकुंडीला येई. "सरळ ठेव की गं," म्हणत. काहील सरळ कशी ठेवतात हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचा दुसरा हट्ट पहिल्यापेक्षा वाईट होता. ते कधीही काहीही ठाम सांगत नसत. एका वेळी दिसलं तर "योगायोग आसंल", दुसऱ्या वेळी दिसलं तर "बघूया", आणि तिसऱ्या वेळी दिसलं तर ढग नव्हते ना, वारा नव्हता ना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उपग्रहाच्या नजरेला ऐंशी मीटरपेक्षा बारीक काही दिसायचं नाही. त्या सगळ्या जागेचा मिळून चित्रात एक ठिपका. त्या चित्रांत हिरवं ते लाल उमटायचं, पाण्यातलं शेवाळ असो की ऊस. तळ्याच्या कडेच्या ठिपक्यात निम्मं पाणी आणि निम्मा ऊस येई, आणि सरांचं घोडं तिथे अडे. "ह्यो रंग पान्याचा का उसाचा, सांग बघू." मी म्हणे, "पाण्याचा." "कशावरनं?" कशावरून ते मला सांगता येत नसे आणि त्यांना त्यात फार समाधान वाटे.

आमचं गाव निपाणीजवळ, हमरस्त्यापासून थोडं आत. माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, तळ्याच्या काठावर. गावाची विहीर वर देवळाजवळ होती. आम्हाला तिथे बंदी आहे असं कुणी म्हणत नसे, आणि आमच्यातलं कुणी तिथे जातही नसे. आम्ही तळ्याचं पाणी प्यायचो. तळं मोठं होतं, चित्रात त्याचे चांगले बारा-पंधरा ठिपके पडत. मीच सरांना म्हटलं, आमचंही तळं प्रकल्पात घ्या. दोन वर्षांपासून पाणी हिरवट दिसत होतं आणि माझ्या भावाची दोन्ही पोरं सारखी जुलाबानं आडवी पडत होती.

पहिल्या दिवशी आम्ही बेळगावहून पहाटेच्या गाडीनं आलो आणि थेट तळ्यावर गेलो, कारण साडेनऊ होत आले होते. ताट पाण्यात सोडलं तर वीतभर खाली जातंय तोच दिसेनासं झालं. वर काढलं तेव्हा त्याला हिरवा साका चिकटला होता. सरांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि वहीत खोली टिपली. मी विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "आत्ताच काय सांगू?" मग आम्ही घरी गेलो.

आईनं त्या दिवशी वखारीचा खाडा केला होता. मुलीचे सर यायचे म्हणून अंगण सारवलं होतं, पितळी तांब्या चिंचेनं घासून लखलखीत केला होता. तिनं तांब्या पुढं धरला. सर म्हणाले, "नगो आक्का, आत्ताच प्यालोय." चहा ठेवू का विचारलं, तर "चा मी घेत न्हाय." कॉलेजात हा माणूस दिवसाला सहा वेळा चहा प्यायचा. आईनं केळी आणून ठेवली. ती त्यांनी दोन खाल्ली, आवडीनं खाल्ली. निघताना पिशवीतली स्वतःची बाटली काढून पाणी प्यायले आणि तेही आमच्या उंबऱ्यात उभं राहून.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आई म्हणाली, "केळं चालतंय बग. सोलून खायाचं आसतंय." एवढंच बोलली आणि तांब्यातलं पाणी परत घागरीत नाही, रस्त्यावर ओतलं. मी म्हटलं, सर तसले नाहीत. पण म्हणताना माझा मलाच भरवसा वाटेना. शिकलेली, चांगली चांगली माणसं कुठल्या दारात बदलतात हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

ढगांमुळे दोन खेपांत तीन-तीन महिने जात. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेला तर आईनं तांब्या बाहेर काढलाच नाही. सर ओट्यावर टेकले, भावाच्या पोरांना वर बोट करून उपग्रह कुठून जातो ते सांगितलं, पोरांनी खदाखदा हसून घेतलं. आई आत चुलीपुढं बसून राहिली. आम्ही निघालो तेव्हा तिनं मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी नोकरी हाय, तू जा त्येंच्यासंगं. पर परत घरात आनू नगो. माज्यानं बगवत न्हाय."

हमरस्त्यावर गाडीची वाट बघत उभे होतो. सर आभाळाकडे बघून म्हणाले, "आज झ्याक उगडीप हाय. चित्र चांगलं येनार." आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, "सर, चित्र राहू द्या. तुम्ही आमच्या घरी पाणी का पीत नाही?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणाले, "अगं, पानी वाईट हाय म्हनून. दुसरं काय?"

"कधी कळलं तुम्हाला?"

"कळलं आसं न्हाय म्हनता येनार. पन पयल्या दिवशी ताट बगितलं तवाच वाटलं."

"मग सांगितलं का नाही?"

"पक्कं कुटं हाय गं अजून? चित्रात कडंला लाली दिसतीय, पन ती उसाची बी आसंल. अजून दोन बाऱ्या साफ आभाळ मिळालं म्हंजे..."

मी भर रस्त्यात ओरडले. म्हटलं, "स्वतः प्यायचं नाही एवढं पक्कं होतं ना? आणि आम्ही पीत होतो. माझी आई पितेय, ती पोरं पितायत. तुमचा उपग्रह परत यायची वाट बघत पितायत!" बैलगाडीवाला एक माणूस थांबून ऐकायला लागला. सरांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना, पण राग काही उतरला नाही. जातीचं होतं असं निघालं असतं तर मी निदान त्यांना एकदाचं मनातून काढून टाकलं असतं. हे असलं प्रामाणिक उत्तर घेऊन मी करायचं काय?

गाडी आली. सरांनी तिला हात केला नाही. ते मागे वळले आणि वस्तीकडे चालू लागले, मी मागून. वस्तीत पोचल्यावर त्यांनी माणसं गोळा केली. "माज्याकडं पुरावा न्हाय," ते म्हणाले. "मला पक्कं म्हाईत बी न्हाय. पन मी तुमचं पानी प्यालो न्हाय. तुमी बी पिऊ नगा." मग आईकडे वळून म्हणाले, "आक्का, हे मी पयल्या दिवशी सांगाय पायजे हुतं."

एका म्हातारीनं विचारलं, "मग काय पियाचं आमी?" सरांनी सवयीनं वर बघितलं, पण साडेनऊ कधीच वाजून गेले होते आणि वर काही नव्हतं. उत्तर आईनं दिलं. ती आत गेली, घागर घेऊन बाहेर आली आणि तळ्याच्या उलट्या बाजूला, देवळाकडे चालू लागली. तिच्यामागून एकेक करत वस्तीतल्या बाया निघाल्या.

विहिरीवर बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, थांबा, आम्ही ओतून देतो. आई म्हणाली, आम्हाला हात आहेत. कुणी सरांना विचारलं, तुम्ही कोण यांना चिथवणारे? सर सगळ्यांना तेच सांगत होते की मी चिथवत नाही, माझा पाण्याचा अभ्यास आहे, तोही अजून पुरा झालेला नाही. त्या गदारोळात हे ऐकायला कुणाला वेळ होता? पण बायांनी पाणी शेंदलं आणि घागरी भरून खाली आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. त्यानंतर जातच राहिल्या.

आठवड्याभरात कॉलेजात तक्रार आली. प्राध्यापक गावात अफवा पसरवून तंटा लावतात, अशी. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, मीही बरोबर गेले. प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांना मिटवायचंच होतं. ते म्हणाले, "पाणी खराब असल्याचा पुरावा आहे ना तुमच्याकडे? आहे म्हणा, मी तसं कळवून टाकतो." सर म्हणाले, "त्या दिवसाचं चित्र येऊ दे." प्राचार्य थांबले. दोन-तीन महिने थांबले, हे त्यांचे उपकारच.

चित्र आलं. सगळा मुलूख स्वच्छ, निपाणी गावसुद्धा ओळखू यावं इतका. आणि नेमका आमच्या तळ्यावर एक ढग. पिंजलेल्या कापसाचं बोंड असावं एवढासा पांढरा ढग. उघडीप, उघडीप म्हणत होतो, तेव्हा हा कुठे लपला होता कुणास ठाऊक. मी ते चित्र टेबलावर आपटलं. म्हटलं, "आधीची चित्रं आहेत की. लाली आहे त्यांच्यात. ती दाखवा. ताटाचं मोजमाप आहे." सर शांतपणे म्हणाले, "लाली कडंची हाय. आन ताट काय, गढूळ पान्यात बी दिसत न्हाय. रोगाचं पानी हाय हे त्यानं ठरत न्हाय."

प्राचार्यांच्या खोलीत त्यांना सरळ विचारलं गेलं, पुरावा आहे की नाही. "हो" एवढं एक अक्षर. खोटंही ठरलं नसतं. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात ते अक्षर त्यांच्या तोंडात कोंबत होते. सर म्हणाले, "न्हाय सर. पुरावा न्हाय. पन मी सांगितलं ते बरुबर केलं, आन परत सांगीन." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. महिन्याभरात प्रकल्प बंद झाला आणि माझी नेमणूकही संपली. आयुष्यभर पक्कं झाल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस एकदा तोंड उघडतो काय आणि त्यापायी सगळं घालवून बसतो काय. खोली रिकामी करताना सर म्हणाले, "चला, आता घरात ताटं राहतील." मला हसू आलं नाही.

पुढे मी पुण्याला जाऊन याच विषयात शिकले आणि याच कामात आयुष्य काढलं. आता उपग्रह पुष्कळ आहेत, ठिपके बारीक झालेत, तळ्याचा रंग पडद्यावर लगेच दिसतो. माझ्या हाताखालच्या मुलांना एक नियम मी घालून दिलाय. पाण्याबद्दल शंका आली की त्याच दिवशी त्या गावाला फोन करायचा, खात्री मागाहून. मुलं कुरकुरतात, मॅडम, चुकीचं निघालं तर? मी म्हणते, निघू दे. हा नियम सरांचा नाही, सरांवर चिडून केलेला आहे. पण त्यांच्याशिवाय मला तो सुचला नसता, हेही खरंच. आमच्या तळ्यात तेव्हा नक्की काय होतं, हे मात्र कधीच ठरलं नाही. विहिरीचं पाणी प्यायला लागल्यावर भावाची पोरं सुधारली. सरांना तसं कळवलं, तर म्हणाले, पोरं वयानं बी सुधारत्यात.

सर गेल्याचं मला पुण्यात कळलं. मातीला पोचता आलं नाही. त्यांना शेवटचं भेटले ते त्याच्या आदल्या वर्षी, आमच्याच गावात. निवृत्त झाले होते, निपाणीला कुणाच्या तरी कार्याला आले होते आणि मी सुट्टीला आलेय हे कळल्यावर न सांगता दारात उभे राहिले. केस पार पांढरे झाले होते. मी आत हाक मारली, "आई, सर आलेत." आई आता वखारीत जात नव्हती, गुडघे धरून चालायची. ती उठली आणि तांब्या भरून घेऊन आली.

सरांनी तांब्या हातात घेतला आणि विचारलं, "कुटलं हाय, आक्का?"

मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांनीसुद्धा!

"देवळाजवळच्या हिरीचं," आई म्हणाली. "प्या आता गुमान."

सर प्यायले. सगळा तांब्या एका दमात रिकामा केला, मिशी पुसली, समाधानानं मान हलवली. मग थोडा वेळ जिभेवर चव घोळवत बसले आणि म्हणाले, "झ्याक हाय. पन जरा खारट लागतंय गं. एकदा तपासाय पायजे."

मी हात जोडणारच होते, पण आईनं त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला. म्हणाली, "तपासा की मास्तर. पर ह्या बारीला आदी आमाला सांगा."

सरांनी वर बघितलं नाही. आईकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय आक्का. आदी तुमाला."